वानराच्या तोंडचा घास

सारजाबाई कशालाच भीत नव्हती, असं टेंभुरवाडीतले लोक आजही सांगतात. लोकांना सांगायला काय जातं! बाई भीत होती, चारचौघींसारखीच भीत होती. पण भ्यायलासुद्धा सवड लागते आणि ती तिला मिळत नव्हती. उजाडायच्या आत चूल, मग शेणघाण, मग माणिकरावांच्या रानात खुरपणं, घरी आल्यावर पुन्हा चूल. एकदा खुरपताना पायाशी निघालेला साप तिनं खुरप्याच्या टोकावर उचलून बांधापलीकडे भिरकावला, तेवढ्यावर तिचं गावात नाव झालं. पुढं ती जी खरोखर भ्याली, ते मात्र कुणाच्या नजरेस पडलं नाही.

तिचा नवरा सुग्रीव माणिकरावांकडे सालगडी होता. माणिकरावांची जमीन पूर्णेच्या काठाला, येलदरीच्या धरणाच्या खालच्या अंगाला. हिवाळ्यात तिथं हरभरा गुडघाभर वाढायचा आणि तो घाट्यावर आला की जिंतूरच्या डोंगराकडून वानरं उतरायची. काळ्या तोंडाची, लांब शेपटाची, मारुतीच्या गोतातली. त्यांना मारायचं नाही, हाकलायचं, हा गावाचा रिवाज. राखणीवरचा गडी गोफण फिरवायचा, पण दगड सोडायचा तो झाडाच्या खोडावर. खोडावर दगड आदळला की बंदुकीसारखा आवाज होतो आणि टोळी पळते. सुग्रीवचा हात या कामात इतका बसलेला होता की डोळे मिटून त्यानं चिंचेचं खोड टिपलं असतं.

पण त्या पौषात एक दिवस दगड खोडावर बसला नाही. नेमकी त्याच वेळी एक वानरीण फांदीवरून खाली उतरत होती. दगड तिच्या कानशिलात बसला आणि ती हरभऱ्यात पडली ती पुन्हा उठली नाही.

सुग्रीव गावात आला तो रडतच. मग गावानं जे करायचं ते सगळं केलं. वानरिणीला न्हाऊ घातलं, कुंकू लावलं, नवं कापड पांघरलं, तिरडी बांधली, पुढं हलगी लावली आणि मारुतीच्या मागच्या अंगाला तिला मूठमाती दिली. सुग्रीवनं सख्ख्या आईसाठी करावं तसं डोकं भादरून घेतलं. दहावं झालं, तेरावं झालं, पंगत उठली. एवढ्यावर ही गोष्ट मिटली असती. पण न्हाऊ घालताना गावची सुईण सुलाबाई हिनं वानरिणीच्या पोटावरून हात फिरवला होता आणि ती सहज बोलून गेली होती, “गाभण होती वो बिचारी.”

सारजाबाई तेव्हा शेजारीच पाण्याची घागर घेऊन उभी होती. तिचे स्वतःचे दिवस तेव्हा नुकतेच चुकले होते.

भादव्यात ती बाळंत झाली. उशाला सासू पारूबाई, पायाशी सुलाबाई. लेकरू रडलं नाही. सुलाबाईनं ते झटकन जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं, पण गुंडाळता गुंडाळता सारजाबाईला ओझरतं दिसायचं ते दिसलंच. मोठे बाहेर आलेले डोळे, आणि कपाळाच्या वर काहीच नाही. डोक्याची कवटी जिथं असायची, तिथं उघडं, लाल. सुलाबाई ते घेऊन बाहेर गेली. बाहेर मारुतीच्या पारावर बसून लोकांना देवाचं सांगणारी चांगुणाबाई आलेलीच होती. तिनं फडकं बाजूला करून पाहिलं आणि बोलली, “हे माणसाचं न्हवं. वानर आलंय पोटाला.”

या चांगुणाबाईला देव किती दिसला होता मला माहीत नाही, पण जीभ तिला त्यानं सढळ हातानं दिली होती. तिच्या तोंडून शब्द निघाला आणि दिवेलागणीपर्यंत सगळ्या गावाच्या तोंडी बसला. सुग्रीवच्या घरी वानर जन्मलं. लोक त्याला ‘ते’ म्हणत. सुग्रीवही ‘ते’च म्हणे. त्यानं ते नदीकाठी पुरलं आणि जागा कुणाला सांगितली नाही.

बाळंतिणीला उठता येऊ लागल्यावर पारूबाई तिला पारावर घेऊन गेली. चांगुणाबाईनं डोळे मिटले, थोडं घुमल्यासारखं केलं आणि नेम घालून दिला. “वानराच्या तोंडातला घास तुमी काढला. आता तोच घास तू तोंडात घालायचा न्हाई. त्यानं खाल्लेलं तू खायचं न्हाई. मंग पुढचं लेकरू सरळ यील.”

आता वानर काय खात नाही ते सांगा! हरभऱ्याचा पाला गेला, घाटे गेले, डाळ गेली. भुईमुगाच्या शेंगा गेल्या, तुरीच्या गेल्या. मेथी, पालक, तांदुळजा, चुका, जे जे हिरवं म्हणून रानात उगवतं ते ते वानर ओरबाडतं, म्हणून ते सगळं गेलं. पेरू आणि पपई सारजाबाईला तशीही कुणी देत नव्हतं. ज्वारीही वानर खातं, पण ती सोडली तर जगायचं कशावर! म्हणून राहिली ज्वारीची भाकरी, कांदा आणि मिरचीचा ठेचा, तोही दाण्याचा कूट न घालता. सारजाबाईनं तो नेम असा पाळला की गावातल्या सोवळ्या बायकांनी तिच्याकडून शिकावं. सुग्रीव म्हणायचा, “थोडं वरण घे गं, कोण बघायलंय?” ती म्हणायची, “तो बघायलाय.” तो म्हणजे मारुती. तिची कांती उतरली, गालाची हाडं वर आली, पण तिनं माघार घेतली नाही. हे ती देवाच्या भक्तीनं करत नव्हती. भीतीनं करत होती. कपाळाच्या वरची ती उघडी लाल जागा तिला भाकरी थापतानाही परातीत दिसायची.

अशा अंगानं तिला पुन्हा दिवस गेले. ऐन उन्हाळ्यात गेले असावेत. तिला कळलं ते मृगाच्या तोंडावर.

माणिकरावांचा धाकटा मुलगा चंद्रभान परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकवायचा. जनावराचं शरीर आतून कसं असतं आणि गर्भात ते कसं घडत जातं, हा त्याचा विषय. पेरणीसाठी तो गावी आला तेव्हा त्याच्या आईनं, पार्वतीबाईनं, त्याला सुग्रीवच्या घरचं सगळं सांगितलं. गावात शिकलेल्या पोराला लोक उंटावरचा शहाणा समजतात, आणि चंद्रभान थोडासा होताही. पण ‘वानर जन्मलं’ हे ऐकून त्याचं डोकं फिरलं. तो आईला म्हणाला, “सारजावैनीला घेऊन परभणीला या. मी दाखवतो तिला काय झालं ते.”

परभणीच्या स्टँडवर उतरेपर्यंत सारजाबाईला वाटत होतं, आपल्याला दवाखान्यात नेत आहेत. कॉलेजच्या फाटकातून आत शिरल्यावर तिला गोठे दिसले, खोड्यात उभा केलेला बैल दिसला. पार्वतीबाईचा हात घट्ट धरून ती म्हणाली, “काकू, हे तर जनावराचं हाय. मला इथं कामून आनलं? माझ्या पोटात बी जनावरच हाय म्हनून का?”

पार्वतीबाईनं तिची समजूत घातली, पण घातलेली समजूत बसली नाही.

चंद्रभाननं त्यांना एका लांबट खोलीत नेलं. भिंतीला काचेची कपाटं, कपाटात बरण्या, बरण्यांत औषधी पाणी. नाकात झोंबणारा वास. त्यानं चार लहान बरण्या काढून टेबलावर ओळीनं मांडल्या आणि एक भिंग तिच्या हातात दिलं. प्रत्येक बरणीत वाटाण्याएवढं काहीतरी तरंगत होतं. पांढुरकं, वाकलेलं. मोठं डोकं पोटावर झुकवलेलं, डोळ्याच्या जागी काळा ठिपका, हातपायांच्या जागी नुसते कोंब. आणि मागं शेपूट.

“चौघांनाबी शेपूट हाय,” सारजाबाई पुटपुटली.

“समद्यांनाच असती या वक्ताला. मागून जिरून जाती.” चंद्रभान उत्साहात आला होता. “यात एक शेळीचं हाय, एक डुकराचं, एक वानराचं आन एक माणसाचं. आता वैनी, तुमी सांगा. माणसाचं कोणतं?”

सारजाबाईनं भिंग एकेका बरणीवर धरलं. कुणाचा तरी जीव टांगणीला लागावा आणि निकाल तिलाच सांगायला लावावा, तसं तिला झालं. शेवटी तिनं एका बरणीकडे बोट केलं. त्यातल्या जिवाचं कपाळ तिला ओळखीचं वाटलं.

“हे. हे आपलं.”

चंद्रभान हसला. “हे वानराचं.”

सारजाबाई मटकन खाली बसली. भिंग फरशीवर पडलं. पार्वतीबाईनं तिला सावरलं आणि लेकाला असं झापलं की बाहेरचा शिपाई आत डोकावला. “अक्कल गहाण ठिवलीस का रे? पोटुशी बाई हाय ती! पोटुशा बाईला कुणी असलं दावतं? शिकून शिकून एवढंच शिकलास का?”

चंद्रभान खजील झाला. त्यानं बरण्या कपाटात ठेवून दिल्या, पाणी आणून दिलं आणि तोही फरशीवर तिच्या समोर बसला. मग तो बोलला ते नीट बोलला.

“वैनी, मला एवढंच सांगायचं होतं की चूक तुमची न्हाई झाली. मीबी वळखू शकत न्हाई बरणीवरचा आकडा बघितल्याबिगर. पयल्या पयल्यांदा वानर आन माणूस एकाच वाटनं चालतात. डोकं कसं होतं सांगू? आधी एक सपाट पापुद्रा असतो. मंग तो दोन्ही कडांनी वर उचलतो, मधी खोलगट होतो आन कडा एकमेकीला येऊन चिकटतात. नळी तयार होती. त्या नळीचं वरचं टोक फुगतं, त्याचा मेंदू होतो. खालचं मणक्यातनं जातं.”

“करंजीवानी?” सारजाबाईनं विचारलं.

“हां, करंजीवानी! आन मुरड जर नीट बसली न्हाई, तर?”

“तर तेलात फुटती. सारण बाहीर येतं.” तिचा हात पोटाकडे गेला. “माझ्या लेकराची मुरड बसली न्हाई.”

“वरच्या टोकाची बसली न्हाई. बस, एवढंच झालं. ते वानर न्हवतं. माणसाचंच होतं.”

पार्वतीबाईनं पदर तोंडाला लावला. चंद्रभान पुढं सांगत राहिला. ही मुरड घालायची रीत प्रत्येक जिवाच्या कणाकणात लिहिलेली असते, तिला जनुकं म्हणतात; आणि ती रीत वानराची वेगळी, माणसाची वेगळी अशी नाही. दोघांच्या फार फार जुन्या पूर्वजाकडून ती दोघांनाही आली आणि जशीच्या तशी राहिली. पुढं माणसात मेंदूची वाढ जास्त वेळ चालू राहते म्हणून तो मोठा होतो, पण सुरुवातीचा हात तोच.

“एवढ्या पिढ्यांत कुणी बदलली न्हाई?” सारजाबाईनं विचारलं. “आमच्यात तर सासूची करंजी येगळी आन सुनेची येगळी.”

“बदलली की. कैक बार बदलली. पर या जागी जिथं जिथं बदल झाला, ते लेकरूच जगलं न्हाई. म्हनून जुनीच राहिली.”

सारजाबाई म्हणाली, “मंग वानरिणीच्याबी पोटाला असं उघड्या डोक्याचं येतं?”

“येतं. कधीमधी येतं.”

“तिला कुणाचा शाप?”

चंद्रभान आपल्या मूळ कामाकडे वळला. विलायतेत मोठी पाहणी झाली आहे, तो म्हणाला. ज्या बाईचं एक लेकरू असं गेलं, तिनं दिवस जायच्या आधीपासून एका जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्या, तर पुढचं असं व्हायची भीती पुष्कळ कमी होते. ते जीवनसत्त्व हिरव्या पालेभाजीत असतं, हरभऱ्यात असतं, शेंगदाण्यात असतं. “तुमी कोणत्या भाज्या खाता, वैनी?”

सारजाबाईनं नेम सांगितला. एकही गोष्ट न वगळता सगळा सांगितला.

चंद्रभान ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटाशी त्याची बोटं चाळा करत राहिली. सारजाबाईनं ते पाहिलं आणि तिला सगळं कळलं. आंधळी नव्हती ती.

“ती मुरड कवा बसती, भाऊ?”

“पयल्या महिन्यात.”

“मंजी मला कळायच्या आधीच?”

“बऱ्याच बायांना कळायच्या आधीच.”

“मंग माझ्याची बसली का न्हाई?”

“मला माहीत न्हाई, वैनी,” चंद्रभान म्हणाला. “लगेच भिऊ नका. शंभरातल्या बहुतेक बायांचं दुसऱ्या खेपेला चांगलंच होतं. थोड्या महिन्यांनी सोनोग्राफी करू. मशीनवर दिसतं डोकं.”

परतीच्या एसटीत ती खिडकीपाशी बसली. आपण भितो ते पुढं काय होईल याला, अशी आपली समजूत असते. सारजाबाईला मागं काय होऊन गेलं याची भीती बसली. तिच्या पोटात जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं; कुठल्याशा सकाळी, ती आडावरून पाणी शेंदत असताना किंवा कोरड्या भाकरीचा घास पाण्याबरोबर गिळत असताना, त्या कडा चिकटल्या तरी होत्या किंवा उघड्या तरी राहिल्या होत्या. निकाल लागलेला होता आणि तो तिलाच माहीत नव्हता. आणि उघड्या राहिल्या असतील तर त्या कुणी ठेवल्या? तिनंच, स्वतःच्या हातानं, देवाला हात जोडून. या विचारानं तिला एसटीतच उलटी झाली. शेजारच्या बाईनं तिला ओवा दिला आणि म्हणाली, “पहिल्या महिन्यात असंच होतंय बघा.”

सोनोग्राफीला ती गेली नाही. चंद्रभाननं दोनदा निरोप पाठवला, पार्वतीबाई स्वतः येऊन रागावून गेली. सुग्रीवनंही आर्जवं केली. “एकदा बघू तरी. फिकीर तरी जाईल.”

“आन खराब निघालं तर?” ती म्हणाली. “आता ते हलतंय माझ्यात. न बघता हाय तवर ते माझं लेकरू हाय. बघितलं की गाव त्याला पुन्हा वानर म्हनल. मला न्हाई बघायचं.” सुग्रीवनं तिचं ऐकलं. त्याचा दगड त्यालाही अजून लागत होता.

खायचं काय, हा तिढा मात्र रोज ताटात यायचा. चंद्रभान म्हणाला होता, त्या लेकराच्या डोक्यासाठी उशीर झाला असला तरी तुमच्या रक्तासाठी खा, ते वाढायलंय, त्याला तुमच्याकडूनच मिळणार. आणि इकडे चांगुणाबाईनं बजावलं, नेम मोडलास तर पोटातलं हातचं जाईल. एकीकडे देव, एकीकडे डॉक्टर, आणि दोघंही तिलाच धाक घालणार! पारूबाई भाजीची वाटी तिच्यापुढं ठेवायची, मग घाबरून उचलून घ्यायची, मग पुन्हा ठेवायची. सासूसुनेची ती वाटी बघून कुणालाही हसू आलं असतं; त्या दोघींना आलं नाही.

भादव्यातल्या एका शनिवारी सारजाबाईनं फडक्यात भाकरी, तांदुळजाची भाजी आणि ओल्या शेंगा बांधल्या आणि ती मारुतीच्या देवळामागं गेली. चिंचेवर टोळी बसलेली होती. ती झाडाखाली मांडी घालून बसली. तिनं फडकं सोडलं. “घ्या,” ती वर बघून म्हणाली. “आधी तुमी घ्या. तुमच्या तोंडचं काढून न्हाई खात. तुमच्यासंगं खाते.”

टोळीचा हुप्प्या खाली आला तो धाडकन तिच्या पुढ्यातच. दात विचकून त्यानं हात टाकला, फडकं ओढलं, भाकरी घेऊन वर गेला. ती ओरडली नाही, कारण तिला ओरडताही आलं नाही. मग बाकीची वानरं उतरली. तिच्यापासून हातभर अंतरावर एक वानरीण बसली. पोटाला पिल्लू बिलगलेलं. एका हातानं ती शेंगा फोडत होती आणि दुसऱ्या हाताची लांब काळी बोटं पिल्लाच्या डोक्यावरून फिरवत होती, केस बाजूला करून बघत होती, पुन्हा फिरवत होती. सारजाबाई ते बघत राहिली. मातीत सांडलेली भाजी तिनं चिमटीनं उचलली आणि तोंडात घातली. घास घशाखाली उतरेना. तिनं तो उतरवला. पुढची शेंग फोडली.

घरी येऊन ती दिवसभर पोटावर हात ठेवून बसली, काही हातचं जातंय का बघत. काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं वरण खाल्लं.

बाळंतपणासाठी तिला परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं. चंद्रभान तशी सोय करून बसला होता. पण कळा सुरू झाल्या त्या नेमक्या संक्रांतीला, आणि त्याच दिवशी औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. कुठं गुलाल उधळला जात होता, कुठं दगडफेकीच्या भीतीनं दुकानं बंद होती. एसट्या आगारात उभ्या राहिल्या. सुग्रीव जिंतूरच्या रस्त्यापर्यंत धावत जाऊन आला. रस्त्यात झाड आडवं टाकलेलं होतं आणि एकही गाडीवाला यायला तयार नव्हता. मग सुलाबाईलाच बोलावणं गेलं.

सुलाबाई दारातून आत आली आणि सारजाबाई तिच्या हातांकडे बघत राहिली. हेच ते हात. याच हातांनी ते गुंडाळलं होतं. तिनं कळ येत असतानाच सुलाबाईचं मनगट पकडलं.

“मावशे, आण घे. कसंबी असू दे. गुंडाळून न्यायचं न्हाई. माझ्या हातात द्यायचं.”

“बरं बाई.”

“लेकराची आण घे!”

“माझ्या बन्सीधरची आण,” सुलाबाई म्हणाली, तेव्हा तिनं मनगट सोडलं.

बाहेर ओट्यावर उन्हं आली होती. पारूबाई उशाशी बसून मारुतीचं नाव घेत होती. चांगुणाबाई आली, तिला सुग्रीवनं अंगणातच अडवलं. जन्मात पहिल्यांदा त्यानं त्या बाईला अडवलं. आत कळा वाढत गेल्या आणि कळांपेक्षा भीती वाढत गेली. लेकरू खाली सरकू नये, आतच राहावं, असं सारजाबाईला वाटायला लागलं. सुलाबाई ओरडत होती, “जोर कर की गं!” आणि ती जोर धरून ठेवत होती. शेवटी पारूबाईनं सुनेचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, “कसंबी असलं तरी आपलंच हाय. येऊ दे त्याला.” तेव्हा तिनं सोडलं.

लेकरू आलं. रडलं नाही. सुलाबाई खाली वाकून त्याच्या तोंडात बोट घालत होती आणि काही बोलत नव्हती. तो गप्पपणा सारजाबाईच्या ओळखीचा होता. ती कोपरावर उठली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. आण घेतलेली होती; सुलाबाईनं लेकरू तसंच, ओलं, नाळेसकट तिच्या पोटावर ठेवलं.

सारजाबाईनं डोळे मिटले आणि कपाळापासून हात वर नेला. कपाळ होतं. वर केस होते, चिकट. केसांखाली हाड होतं. आणि हाडाच्या पुढं, मधोमध, तिच्या बोटाखाली मऊ लागलं. खळगा. त्यात काहीतरी आतून उडत होतं.

“उघडं हाय!” ती किंचाळली. “उघडं हाय, मावशे, उघडं हाय!”

सुलाबाईनं तिच्या गालावर एक ठेवून दिली. “येडी झालीस का? टाळू हाय ती! तुझी बी अशीच होती, माझी बी होती. अख्ख्या गावाची असती!”

त्या किंचाळण्यानं म्हणा की चापटीच्या आवाजानं म्हणा, लेकरू दचकलं आणि रडायला लागलं. चांगलं खणखणीत रडलं. पारूबाईला हसावं की रडावं कळेना. सुलाबाईनं नाळ कापली, पुसलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि जाहीर केलं, “पोरगा हाय. अंगभर नीट हाय.” पारूबाई तिळगुळाचं ताट उचलून धावतच बाहेर गेली. अंगणातून सुग्रीवचा आवाज आला, मग पार्वतीबाईचा, मग आणखी कुणाकुणाचा.

सारजाबाईचा हात टाळूवरच होता. तिथं कातडी होती, केस होते, खाली जीव धडधडत होता. तिनं त्यावर तळवा अलगद पसरून ठेवला. मग तिनं विचारलं, “मावशे, पयलं काय होतं?”

“पयलं कोणतं?”

“माझं पयलं लेकरू. पोरगा का पोरगी?”

सुलाबाई हात धूत होती, ती थांबली. तिनं दाराकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

“पोरगी होती,” ती म्हणाली. “कुणी इचारलंच न्हाई गं मला.”

“बाकी कशी होती?”

“बाकी समदं नीट. हाताची बोटं लांब, नखं आलेली. हनुवटी तुझ्यावानी.”

सारजाबाई रडली. ते लेकरू गेलं तेव्हा भीतीनं तिला रडूच आलं नव्हतं, नंतरही नाही. ती आता मोठ्यानं रडली. बाहेर तिळगूळ वाटणारा पारूबाईचा हात थांबला. काही तरी वंगाळ झालं असं वाटून सुग्रीव दारात धावत आला, त्याच्या मागं पार्वतीबाई, तिच्या मागं आळीतल्या बाया, आणि सगळ्यांच्या मागं चांगुणाबाई. त्यांना लेकरू आईच्या छातीशी धडधाकट रडताना दिसलं आणि आई का रडते ते कळेना. ती एकेकाच्या तोंडाकडे बघून तेच सांगत होती, पोरगी होती, मला पोरगी झाली होती.